चेस काउंटी, कॅन्सस: इतिहास आणि लोकसंख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरात राहते. भारतातून कुणी पाहुणे आले, की एक दिवस काढून त्यांना ईशान्येला चेस काउंटीत नेते. गाडीत बसल्यापासून प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक तेच असतात. अमेरिकेतला गवताळ मैदानी प्रदेश, म्हणजे प्रेअरी, आपण शाळेच्या भूगोलात एका ओळीत शिकलो. त्या ओळीमागची माणसं आणि आकडे इथे एकत्र लिहिले आहेत.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा की तालुका?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग म्हणून ती जिल्ह्यासारखी, पण आकार बहुतेक वेळा तालुक्याएवढा. कॅन्सस राज्यात अशा 105 काउंट्या आहेत. प्रत्येकीचं एक मुख्य गाव, तिथे न्यायालय, जमिनीच्या नोंदी, कर भरण्याची कचेरी, शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख. मोठा फरक असा, की इथे कलेक्टर वरून नेमून येत नाही. कारभार निवडून आलेले कमिशनर पाहतात आणि शेरीफसुद्धा मतदानाने निवडला जातो. अडीच हजार वस्तीच्या काउंटीत त्यामुळे कारभारी आणि मतदार एकमेकांना नावानिशी ओळखतात.

चेस काउंटी नेमकी कुठे आहे आणि केवढी आहे?

कॅन्ससच्या पूर्व-मध्य भागात, फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांच्या पट्ट्यात. क्षेत्रफळ सुमारे 2,015 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिप्पटीहून जास्त. 2020 च्या जनगणनेत त्या सगळ्या जागेत मिळून 2,572 माणसं मोजली गेली. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहतात.

कॉटनवूड फॉल्स हे मुख्य गाव (2020 मध्ये 851 वस्ती). नदीपलीकडे दोनेक मैलांवर रेल्वेचं गाव, स्ट्राँग सिटी (386). काउंटीची जवळजवळ निम्मी माणसं या दोन गावांत. बाकी मॅटफील्ड ग्रीन, एल्मडेल, सीडर पॉइंट ही पन्नास किंवा त्याहून कमी वस्तीची गावं, आणि मग कुरणांत विखुरलेली एकेकटी घरं.

नाव कुणावरून पडलं?

सॅमन पी. चेस यांच्यावरून. 1859 मध्ये काउंटी स्थापन झाली तेव्हा ते ओहायोचे गव्हर्नर होते आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक म्हणून प्रसिद्ध होते. पुढे ते लिंकनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि नंतर अमेरिकेचे सरन्यायाधीश.

हे नाव सहज ठेवलेलं नाही. 1854 च्या कायद्याने कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी हे तिथल्या वसाहतवाल्यांच्या मतावर सोपवलं, आणि दोन्ही बाजूंची माणसं हत्यारं घेऊन इथे येऊ लागली. रक्तपात झाला. अशा दिवसांत चेस यांचं नाव काउंटीला देणं म्हणजे आपण कोणत्या बाजूचे हे उघड सांगणं होतं. काउंटीच्या उभारणीत पुढे असलेले सॅम्युएल न्यूइट वूड हे याच पक्षाचे. त्यांनी कॉटनवूड फॉल्समध्ये वर्तमानपत्रही काढलं. गुलामगिरीविरुद्धच्या त्या लढ्यातून ते वाचले, पण 1891 मध्ये कॅन्ससच्या नैर्ऋत्य टोकाला, काउंटीचं मुख्य गाव कोणतं यावरून पेटलेल्या वैरात त्यांना गोळी घालून मारण्यात आलं. मुख्य गावाचा मान मिळाला की गाव तरायचं आणि हुकला की विरायचं, म्हणून माणसं त्यासाठी जीव घेण्यापर्यंत गेली.

त्याआधी तिथे कोणीच राहत नव्हतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि ‘मोकळी जमीन’ हे शब्द ऐकले की मला दरवेळी थांबवावंसं वाटतं. जमीन मोकळी नव्हती. हा काउ या मूळनिवासी लोकांचा मुलूख. त्यांनाच कान्झा म्हणतात आणि कॅन्सस हे नावच त्यांच्यावरून आलं आहे. ओसेज लोकही या टेकड्यांत शिकारीला येत. गव्यांचे (म्हणजे अमेरिकी बायसनचे) कळप, नदीकाठची मक्याची शेती आणि ऋतूप्रमाणे मुक्काम हलवणं असं त्यांचं जगणं होतं.

1825 च्या तहात काउंची बहुतेक जमीन गेली. 1846 च्या तहात उरलेलीही गेली, आणि त्यांना चेस काउंटीच्या उत्तरेला कौन्सिल ग्रोव्हजवळ एका राखीव तुकड्यात आणून बसवलं. 1855 च्या देवीच्या साथीत शेकडो माणसं दगावली. तरी आजूबाजूच्या वसाहतवाल्यांना ती जमीनही हवीच होती. 1873 मध्ये उरलेल्या काउंना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. त्याच वर्षी कॉटनवूड फॉल्सचं दगडी कोर्टहाऊस बांधून पूर्ण झालं. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे मी पाहुण्यांना त्या इमारतीसमोर उभं करून सांगते. इमारत देखणी आहे, आणि ती पाहताना ही गोष्टही माहीत असावी.

काउ नेशन आज ओक्लाहोमात आहे. 1929 ते 1933 या काळात अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले चार्ल्स कर्टिस आईकडून काउ वंशाचे होते.

मैदानी प्रदेशात सगळीकडे गहू-मका पिकतो, मग इथे नुसतं गवत का?

दगडामुळे. माझ्या मते या काउंटीचा इतिहास आणि तिची लोकसंख्या, दोन्हींची किल्ली इथेच आहे.

फ्लिंट हिल्स म्हणजे चुनखडी आणि शेल या मऊ खडकाचे थर एकावर एक. पाऊसवाऱ्याने मऊ थर झिजले आणि कठीण थर पुढे राहिले, म्हणून टेकडीच्या उतारावर पायऱ्या कोरल्यासारख्या दिसतात. चुनखडीत जागोजागी चकमकीच्या दगडाचे गोटे अडकलेले आहेत. चुनखडी विरघळते, चकमक तशीच राहते आणि मातीत खच पडतो. वर माती इंचांत मोजावी एवढीच. 1806 मध्ये झेब्युलन पाइक हा लष्करी अधिकारी इथून गेला. ‘फ्लिंट हिल्स’ हे शब्द त्याच्या रोजनिशीत पहिल्यांदा सापडतात. पायांना टोचलं तेच त्याने लिहिलं.

नांगर घातला की फाळाची धार जायची नाहीतर फाळच मोडायचा. शेतकऱ्यांनी आयोवात, इलिनॉयमध्ये प्रेअरी उलथून मका लावला, पण इथे नांगर हरला. उत्तर अमेरिकेत उंच गवताची प्रेअरी एके काळी सुमारे 17 कोटी एकरांवर होती. आज तिच्यातली चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे, आणि त्या उरलेल्यातली बहुतेक फ्लिंट हिल्समध्ये.

गवताचं म्हणाल तर चार जाती मुख्य: बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास. बिग ब्लूस्टेमचा तुरा टर्कीच्या पायासारखा, तीन बोटांचा. चांगल्या पावसाच्या वर्षी नदीकाठच्या खोलगट जागी ते माणसाच्या डोक्यावरून जातं. सप्टेंबरअखेर त्याच्यात उभं राहून खालून वर पाहिलं, तर देठ बुडाशी जांभळट, मध्ये तांबूस आणि टोकाला गंजलेल्या तांब्यासारखे दिसतात. वारा आला की कोरडी सळसळ होते, पिकलेल्या ज्वारीच्या शेतात होते तशी. जितकं वर दिसतं त्याहून जास्त खाली असतं. मुळं दगडांच्या फटींतून दहा फुटांपर्यंत जातात, म्हणून दुष्काळ आला, आग लागली, गुरांनी खाल्लं, तरी गवत पुन्हा उभं राहतं.

लोकसंख्या कशी बदलत गेली?

जनगणनेचे ठळक आकडे असे: 1870 मध्ये 1,975. दहा वर्षांत उसळी मारून 1880 मध्ये 6,081. 1900 मध्ये 8,246, आणि हाच आजवरचा उच्चांक. 1940 मध्ये 6,345, 1950 मध्ये 4,831, 1960 मध्ये 3,921. 1990 मध्ये 3,021 आणि 2000 मध्ये 3,030, म्हणजे दहा वर्षांत नऊ माणसांची वाढ. पुढे 2010 मध्ये 2,790 आणि 2020 मध्ये 2,572.

थोडक्यात, सव्वाशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं होती त्यांच्या एक तृतीयांशाहून कमी आज आहेत. कॅन्ससमध्ये दर चौरस मैलाला सहापेक्षा कमी वस्ती असलेल्या काउंटीला ‘फ्रंटिअर’ म्हणतात, म्हणजे वसाहतीची सीमारेषा. चेस काउंटी 1900 मध्ये त्या रेषेच्या बरीच पुढे गेली होती. 1960 पर्यंत ती पुन्हा रेषेखाली आली आणि आजही तिथेच आहे.

1900 साली आठ हजार माणसं इथे करत काय होती?

टेकड्यांवर नांगर चालला नाही, पण कॉटनवूड नदीच्या खोऱ्यात चांगली गाळाची जमीन आहे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला 160 एकर मिळत. खोऱ्यात मका, गहू, मागून लसूणघास. घरात मुलं पुष्कळ, कारण काम हातांनीच व्हायचं.

1871 मध्ये सांता फे रेल्वे आली आणि चित्र पालटलं. स्टेशनच्या गावाला पुढे रेल्वेचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांचं नाव देण्यात आलं, तेच स्ट्राँग सिटी. रेल्वेबरोबर दगडाच्या खाणी आल्या. इथली कॉटनवूड चुनखडी फिकट, एकसारख्या पोताची आणि घडवायला सोपी. पूल, स्टेशनं, घरं यांना ती लागलीच, शिवाय टोपीकातल्या कॅन्ससच्या विधिमंडळाच्या इमारतीतही ती आहे. खाणीत गवंडी, पाथरवट, सुरुंग लावणारे, गाडीवान अशी किती माणसं लागायची याचा अंदाज तुम्ही आपल्याकडच्या दगडाच्या खाणी पाहिल्या असतील तर येईल.

आणि गडगे. कोकणात जसे चुन्या-मातीशिवाय दगडावर दगड रचून गडगे घालतात, तसेच इथे मैलोन्‌मैल आहेत. 1867 मध्ये कॅन्ससच्या कायद्याने मोकाट चराईला आळा घातला आणि दगडी कुंपण घालणाऱ्याला दर रॉडमागे, म्हणजे साधारण पाच मीटरमागे, 40 सेंट देऊ केले. शेत साफ करताना निघालेला दगड असा मार्गी लागला. 1870 च्या दशकात काटेरी तार आली आणि नवे गडगे थांबले. जुने उभे आहेत. एकदा एकाच्या बाजूला बसून पाहिलं: मोठे सपाट दगड बुडाशी, मध्ये बारीक दगडांची भर, आणि माथ्यावर उभे लावलेले दगड, पुस्तकांच्या फळीसारखे. सिमेंट कुठेच नाही. दीडशे हिवाळे त्याने काढले आहेत.

मग लोक गेले कुठे, आणि का?

कारणं एकावर एक साचत गेली. ट्रॅक्टर आला आणि दहा माणसांचं काम एकावर आलं. 160 एकरांत घर चालेना, म्हणून एकाने शेजाऱ्याची जमीन घेतली आणि शेजारी शहरात गेला. बांधकामात काँक्रीट आलं, खाणींचं काम आटलं. डिझेल इंजिनांनी रेल्वेची माणसं कमी केली.

सगळ्यांत मोठी गळती 1940 ते 1950 या दशकातली: दीड हजारांहून जास्त माणसं, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. पुष्कळजण याचं कारण 1951 चा महापूर सांगतात. तो पूर भयंकर होता हे खरं, पण 1950 ची मोजणी त्याच्या आधीच झाली होती. त्या दशकात खरी ओढ युद्धकाळच्या नोकऱ्यांची होती. दीड तासावर विचिटात बोइंग, बीच, सेस्ना यांचे विमान कारखाने दिवसरात्र चालत होते. माझ्या घराशेजारच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे आईवडील असेच कुठल्यातरी कुरणातून कारखान्यात आलेले आहेत. पूर आला तेव्हा आधीच पातळ झालेल्या वस्तीला दुसरा धक्का बसला, नदीकाठच्या एल्मडेलसारख्या गावांना विशेष.

मग शाळा. 1960 च्या दशकात राज्याने लहान शाळा-मंडळं एकत्र केली. गावची शाळा बंद झाली की तरुण जोडपं तिथे घर घेत नाही, हे आपल्याकडेही दिसतंच.

म्हणजे ही काउंटी ओस पडते आहे असं म्हणायचं का?

मला हा शब्द चुकीचा वाटतो. आकडे घसरले आहेत आणि दुकानं, शाळा, डॉक्टर यांची चणचण खरी आहे, ती झाकायचं कारण नाही. पण 1900 चा आठ हजारांचा आकडा हा या जमिनीचा ‘खरा’ आकडा होता असं धरून आजची तूट मोजणं बरोबर नाही. तो आकडा खाण, रेल्वे आणि हातांची शेती अशा तीन गोष्टींनी वर नेला होता. त्या सरल्या. गवताचं काम तेव्हाही थोड्या माणसांत चालत होतं, आताही चालतं. काउंटीचं हायस्कूल चालू आहे, स्ट्राँग सिटीचा रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींचा मेळा, 1937 पासून भरतो आहे, आणि जूनमध्ये त्या दिवसांत गावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत म्हणतात, खरं का?

हो, उन्हाळ्यात कितीतरी पटींनी. यातली बरीच गुरं इथली नसतात. एप्रिलच्या मध्याला टेक्सास आणि इतर राज्यांतून अडीचशे किलोच्या आसपासचे बैल-गोऱ्हे ट्रक भरभरून येतात. पूर्वी ते सांता फेच्या डब्यांतून यायचे. चुनखडीवर वाढलेल्या गवताचा कस असा, की मोसमाच्या सुरुवातीला गोऱ्हा दिवसाला पाऊण ते एक किलोने भरतो.

जुनी पद्धत म्हणजे एका जनावराला साधारण चार एकर आणि ऑक्टोबरपर्यंत चराई. दुसरी पद्धत कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढे आली: एकरी दुप्पट जनावरं सोडायची, पण नव्वद दिवसच. जुलैच्या मध्यानंतर गवतातली प्रथिनं कमी होतात, तेव्हा कस असेपर्यंत चारायचं आणि उरलेले महिने गवताला सोडायचे. गुरं पुढे पश्चिमेकडच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे दाणा घालून पोसण्याच्या तळांवर, जातात. कुरणाचा मालक बहुधा दुसरीकडे राहतो, गुरांचा मालक तिसरीकडे, आणि कुंपण, पाणी, आजारी जनावर हे पाहणारा माणूस इथला. घोड्यावरून फिरून दोन-तीन माणसं हजारो एकर सांभाळतात. एवढ्या कामाला एवढीच वस्ती लागते.

दर वसंतात डोंगर पेटवतात, ते कशासाठी?

मार्च-एप्रिलमध्ये कुरणं मुद्दाम जाळतात. जुनं वाळलेलं गवत जळलं की काळी जमीन लवकर तापते आणि कोवळा कोंब आठवड्याभरात वर येतो. त्याहून महत्त्वाचं, लाल सीडरची रोपं मरतात. काही वर्षं आग लागली नाही तर ही झाडं कुरण गिळतात. काउ आणि ओसेज लोकही आग लावायचे, कोवळ्या गवतावर गवे येतात म्हणून. नंतरच्या गुराख्यांनी तीच रीत उचलली.

सह्याद्रीतला वणवा पाहिलेल्या आपल्या माणसाला हे पटायला जड जातं. मलाही गेलं होतं. आपल्याकडे वणव्यात जंगलातली रोपं आणि घरटी जातात, म्हणून तो विझवायचा. इथलं गवत मात्र आगीबरोबरच घडलेलं आहे. रात्री डोंगराच्या कडेने एक नारिंगी रेघ सरकत जाते, पुढे ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी, मागे ठिबकत्या मशाली घेतलेली माणसं, सगळे शेजारी एकमेकांच्या कुरणावर मदतीला आलेले.

वादही आहेत. धूर कॅन्सस सिटीपर्यंत जातो, म्हणून 2010 मध्ये धुराच्या नियोजनाचा आराखडा झाला. आणि दरवर्षी सगळंच जाळलं तर प्रेअरी चिकन या पक्ष्याला अंडी घालायला आडोसा उरत नाही. म्हणून काहीजण कुरणाचे तुकडे पाडून आळीपाळीने जाळतात. मला ही रीत जास्त शहाणपणाची वाटते.

कोर्टहाऊस एवढं प्रसिद्ध का आहे?

हजार वस्तीच्याही आतल्या गावात ते उभं आहे म्हणून. विटांच्या फरसबंदीचा ब्रॉडवे रस्ता सरळ त्याच्यापाशी जाऊन थांबतो. वास्तुविशारद जॉन हॅस्केल, दगड इथलाच, छप्पर फ्रेंच धाटणीचं लाल. 1873 पासून कामकाज तिथेच चालतं. आतला वळणाचा जिना स्थानिक काळ्या अक्रोडाचा. त्याच्या कठड्यावरून हात फिरवत वर जा. दीडशे वर्षं खटल्याला, लग्नाच्या परवान्याला, जमिनीच्या खरेदीखताला आलेल्या हातांनी तो गुळगुळीत केला आहे.

राष्ट्रीय राखीव कुरणाचा वाद काय होता?

स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला स्टीफन जोन्स या गुरांच्या व्यापाऱ्याने 1880 च्या सुमारास स्प्रिंग हिल रँच उभी केली: दगडी वाडा, तिमजली गोठा, जवळच 1882 ची एका खोलीची शाळा. ही जागा राष्ट्रीय उद्यान व्हावी असं शहरातल्या निसर्गप्रेमींना वाटत होतं. इथल्या रँचवाल्यांना मात्र सरकार एकदा आत शिरलं की शेजारची कुरणंही घेईल अशी भीती होती. 1996 मध्ये तोडगा निघाला आणि टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह झालं. क्षेत्र जवळजवळ 10,900 एकर, पण सरकारला त्यातले जास्तीत जास्त 180 एकरच मालकीचे ठेवता येतात. बाकी जमीन आज नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेची आहे. 2009 मध्ये तिथे गवे परत आणले.

इथे विमान अपघात झाला होता तो कोणता?

31 मार्च 1931. नोत्र दाम विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी यांचं विमान बझार गावाजवळच्या कुरणात कोसळलं. आठही जण गेले. त्या फॉकर विमानाचा पंख लाकडी होता आणि ओलाव्याने त्याचे डिंकाचे जोड सुटले. लोकांच्या संतापामुळे प्रवासी विमानांचा लाकडी जमाना संपला आणि डग्लससारख्या कंपन्यांची धातूची विमानं पुढे आली.

पूर्वजांच्या नोंदी शोधायच्या असतील तर?

1890 ची राष्ट्रीय जनगणना शोधत बसू नका. तिचे बहुतेक कागद 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर नष्ट झाले. कॅन्ससचं नशीब असं, की राज्याने 1925 पर्यंत पाचने संपणाऱ्या वर्षांत स्वतःची मोजणी केली. त्यामुळे 1885 आणि 1895 हाताशी असतात. जन्म-मृत्यूच्या राज्यस्तरीय नोंदी 1911 पासून. राष्ट्रीय जनगणनेतली नावं 72 वर्षांनी खुली होतात, म्हणून 1950 ची यादी 2022 मध्ये खुली झाली. जमिनीचे कागद कोर्टहाऊसमध्ये. आधी फोन करून जा.

कधी जावं?

गवत पाहायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आग पाहायची तर एप्रिलचा पहिला पंधरवडा, वारा मंद असेल त्या संध्याकाळी. कौन्सिल ग्रोव्हकडून दक्षिणेला जाणारा 177 क्रमांकाचा रस्ता धरा, टर्नपाइक म्हणजे टोलचा महामार्ग नव्हे. पाणी आणि पेट्रोल आधीच भरा. कुरणाचं फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद.